रंग आवडला नाही म्हणून सोडलेला शंख

त्या किनाऱ्यावर जन्मतः कुणालाच घर नसे. तिथल्या खेकड्यांची पाठ मऊ होती, आणि ती झाकायला दुसऱ्या कुणी सोडून दिलेला शंख शोधावा लागे. अंग वाढलं की नर जुना शंख टाकून मोठ्यात जात. माद्यांना मात्र लग्नात एकदाच शंख मिळे, आणि त्यातच जन्म काढायचा अशी रीत होती. त्यासाठी त्या अंग चोरून राहायला शिकत. जिला ते चांगलं जमे तिचं कौतुक होई.

आवडी त्यांच्यातलीच एक. अर्धं वय उलटल्यावर नवऱ्याने तिला शंखातून बाहेर काढलं आणि तो शंख दुसरीला दिला. उघड्या पाठीच्या मादीला वस्तीत थारा नव्हता. आवडी किनाऱ्याने चालत निघून गेली. पुष्कळ दिवसांनी ती परत आली तेव्हा बांबूच्या एका पेरात राहत होती. असलं घर कुणी पाहिलं नव्हतं. माद्या विचारू लागल्या, आणि एका दुपारी, समुद्र ओसरलेला असताना, केवड्याच्या सावलीत बसून आवडीने आपली गोष्ट सांगितली.

"नवरा म्हणाला, तुझा शंख जरा घासूनपुसून आणतो," तिने सुरुवात केली. "त्याला सात पौर्णिमा झाल्या. फार स्वच्छ निघणार म्हणायचा."

माद्या हसल्या. मग तिने करवंटीत राहून पाहिल्याचं सांगितलं. लाट आली की करवंटी गरगर फिरे आणि आवडीला आपलं दार कोणत्या दिशेला आहे तेच कळत नसे. एका शंखात ती घाईने शिरली तर आत गोगलगाय होती, आणि तिने आवडीला दार वाजवून येण्याची पद्धत समजावून सांगितली. पुढे खडकाच्या कपारीत एक जांभळा शंख मिळाला. मापाचा होता, धड होता. "पण मला रंग आवडला नाही, मी सोडला," आवडी म्हणाली, आणि तिच्या नखऱ्याला सगळ्या लोटपोट हसल्या. शेवटी एक घार खाली उतरली. तिने आवडीला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं, आज उपास आहे म्हणाली आणि उडून गेली. मग बांबूचं पेर मिळालं. त्यात मागून वारा शिरतो आणि पुढून शिट्टी वाजते.

गोष्ट संपली तेव्हा किती तरी माद्यांची पोटं दुखत होती. इतकं हसायला त्या शंखांत जागाच नव्हती.

हसणं ओसरलं आणि मतं सुरू झाली. यमाक्का वस्तीतली सर्वांत मानाची. तिचा शंखही सर्वांत मोठा. ती म्हणाली, "गंमत आहे. पण हलकी आहे. ऐकून झाल्यावर हातात काय उरतं?" म्हाळसाला शेवट पटला नाही. बायकांना अशी पेरं सापडत नसतात, नुसती आशा लावायची कशाला, असं तिचं म्हणणं. कुणाला नवरा उगाच वाईट रंगवल्यासारखा वाटला. कुणाला करवंटीचा भाग लांबला असं वाटलं, तर कुणाला तेवढाच भाग पुन्हा ऐकायचा होता. ठकू कोपऱ्यात बसली होती. ती म्हणाली, "मीही एकदा बाहेर पडले होते. तीन भरत्या उघडी बसले आणि परत त्याच शंखात येऊन शिरले. मला त्यात हसण्यासारखं काही दिसलं नव्हतं."

आवडीने सगळ्यांचं ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवशी तिने गोष्टीत थोडं दुःख घातलं. माद्या म्हणाल्या, कालचीच बरी होती. तिसऱ्या दिवशी तिने नवऱ्याला जरा सोज्ज्वळ केलं, तेव्हा कुणीच हसलं नाही. चौथ्या दिवशी ती गप्प बसून राहिली. कौतुकाने तिला जेवढं थकवलं होतं, तेवढंच टीकेनेही. मतं मात्र चालूच राहिली. आता त्यांना गोष्टीची गरज उरली नव्हती.

सुभद्रा एवढ्या दिवसांत एकदाही बोलली नव्हती. वयाने ती आवडीपेक्षा लहान, अंगाने थोराड. तिचा शंख इतका घट्ट झाला होता की कडेने कातडी सोलवटून निघे. सगळ्या गेल्यावर ती सरपटत आवडीजवळ आली.

"आवडीताई, एक विचारू?"

"तुझंही मत सांगून टाक."

"मत नाही. तो जांभळा शंख तुला बसत होता ना?"

"बसत होता."

"मग सोडलास का? उघड्या पाठीने फिरणारी रंग बघत नाही."

आवडीने तोंड समुद्राकडे वळवलं. पेरातून वाऱ्याची बारीक शिट्टी येत होती.

"मी एकटी नव्हते," ती म्हणाली. "धाकटी बहीण होती, गजरा. मला बाहेर काढलं त्या दिवशी तीही आपल्या शंखातून बाहेर आली. म्हणाली, तू एकटी कुठे जाशील. जांभळा शंख तिला फार मोठा होता. ती म्हणाली, तू शीर. मी म्हटलं, आधी तुझ्यासाठी शोधू, मग परत येऊ. तिथून वीस पावलंही गेलो नसू."

"घार आली."

"आली."

"तिचा उपास नव्हता."

"नव्हता," आवडी म्हणाली. "मी हे पुष्कळदा सांगायला बसले. घारीपर्यंत आले की पुढचे शब्द येत नसत. एकदा उपासाचं तोंडातून निघून गेलं, आणि गोष्ट पुढे सरकली. तेव्हापासून तशीच सांगते."

सुभद्राने नांगी तिच्या नांगीजवळ ठेवली. मग तिने विचारलं, "तो शंख अजून तिथे असेल?"

"असेल. मला तो नंतर बघवला नाही."

"मला बसेल का?"

"बसेल. पण घारीचं मी तुला आता खरं सांगितलंय."

"म्हणूनच विचारते."

दुसऱ्या दिवशी, भर उन्हात, सगळ्यांच्या समोर सुभद्रा आपल्या शंखातून बाहेर आली. त्यात बसून लांब चालणं तिला शक्यच नव्हतं. माद्यांनी माना आत घेतल्या. यमाक्का म्हणाली, "गोष्ट ऐकून कुणी असं करतं का?" आवडी घारीच्या बाजूला, सुभद्रा पाण्याच्या बाजूला, अशा दोघी चालत गेल्या. आकाशात घार होती. ती दोनदा खाली आली आणि दोन्ही वेळा आवडीने पेर आडवं घातलं. दुसऱ्या झडपेत पेराची एक कड फुटली.

ऊन उतरायला लागलं तेव्हा दोघी परत आल्या. सुभद्रा जांभळ्या शंखात होती. तिने पाय पूर्ण लांब केले होते. ते इतके लांब आहेत हे कुणाला माहीत नव्हतं.

सुभद्राचा जुना शंख वाळूत रिकामा पडला होता. ठकू त्याच्याभोवती एक फेरी मारून आली, थांबली, आणि मग सगळ्यांच्या देखत आपल्या शंखातून निघून त्यात शिरली. तिच्या रिकाम्या शंखाजवळ म्हाळसा जाऊन उभी राहिली. म्हाळसाच्या मागे आणखी एक, तिच्यामागे तिच्याहून लहान. उतरत्या मापाची एक रांग तयार झाली. प्रत्येकीची पाठ क्षणभर उघडी पडे आणि पुढच्या शंखात नाहीशी होई. रांगेत कुणी हसत नव्हतं. करवंटीचा भाग लांबलाच होता, असं मधेच एक जण म्हणाली आणि पुढे सरकली. यमाक्का रांगेत आली नाही. मात्र एक रिकामा शंख उतारावरून घरंगळू लागला, तेव्हा तिने तो आपल्या नांगीने धरून ठेवला, पुढची आत शिरेपर्यंत.

सर्वांत शेवटी एक शंख उरला, पांढरा, अगदी लहान, गजराला बसला असता असा. त्या मापाची कुणी आता किनाऱ्यावर नव्हती.

भरती चढू लागली तशा बाकीच्या वर केवड्याकडे निघाल्या. आवडी फुटक्या पेरातून निम्मी बाहेर आली आणि त्या शंखाच्या आत भरलेली वाळू नांगीच्या टोकाने हळूहळू काढत बसली.