ठकूची टक

ऐका बरं. गावात कंदीलसुद्धा आला नव्हता, तेव्हाची ही गोष्ट. नदीकाठच्या सावरखेडात ठकू लोहारीण सासऱ्याच्या माघारी एकटीच भाता ओढायची. तिच्या हाताखालून गेलेलं लोखंड शहाणं होऊन परत येतं, असं म्हणतात.

एकदा पलीकडच्या काठावरचे लिंबाजी बुरूड घडीचा जुना चाकू घेऊन आले. लिंबाजी आंधळे होते; सुपं, टोपल्या सगळं बोटांनी बघून विणायचे.

"ठकू, तुझ्या सासऱ्याच्या हातचा हाय. गंज तेवढा काढ."

ठकूने खिळा काढून पातं सोडवलं, मुठीतली पट्टी घासली. पात्याच्या बुडाला चौकोनी कोपरा होता, तो पट्टीवर अडकायचा, म्हणून मिटताना चाकू अर्ध्यावर 'टक' करून अडायचा. मामंजींची एवढी चूक राहिलीच की, असं पुटपुटत तिने कोपरा कानशीने गोल करून टाकला.

"आबा, लोण्यागत मिटतो बगा आता!"

लिंबाजी चाकू कनवटीला लावून गेले. मग ठकूने सासऱ्याचा दुसरा एक चाकू सहज खोलला. त्याचं बूड गोल. तिसऱ्याचंही गोल. मग त्या एकालाच कोपरा कशाला? आणि एकदम तिला उमगलं. ज्याला पातं दिसत नाही त्याला ती टक सांगायची, आता बोटं काढ. आंधळ्या बुरुडाची बोटं गेली तर उरलं काय!

हातोडी हातातच, तशी ती नदीकडे धावत सुटली. होडी पलीकडे लागली होती. समोरच्या काठावर बसून लिंबाजींनी एक बांबू चिरला होता आणि ते चाकू मिटायला घेत होते.

"आबा, मिटू नगा!"

पाण्याच्या आवाजात हाक बुडाली. पातं कललं. ठकूने जिवाच्या आकांताने हातोडी काठच्या खडकावर हाणली. टक!

तेवढा वेळ नदी वाहायची थांबली, असं म्हणतात. लिंबाजींची बोटं सवयीने बाजूला झाली आणि चाकू मिटला.

ठकूने त्यांना नवं पातं घडवून दिलं, कोपऱ्यासकट. पण तो धसका काही गेला नाही. पुढे जन्मभर, कुणी काहीही दुरुस्तीला आणलं की ती आधी विचारायची, "हे कुणाच्या हातात असतं?"

खडकावर हातोडीचा खळगा अजून आहे. आणि सावरखेडात अजूनही चाकू मिटताना सगळे अर्ध्यावर थांबतात, "ठकू" म्हणतात. तेवढ्यात बोटं बाजूला होतात.