पायली न भरलेली ज्वारी

“आवाज आलाय की मशीनमध्ये, बाबा. मग तिला ऐकवायला हरकत काय?”

लतीफशा फकिरांनी मशीनची ऐकायची बोंडं कानांतून काढली. ती निरंजनच्या हातात ठेवली.

निरंजन त्यांचा शिष्य. शहरातून रेकॉर्डिंग शिकून आलेला, आणि ते कुणाला विसरू देत नव्हता. हातात मशीन आलं की माणसाला वाटतं, आपल्याला सगळंच ऐकू येतं.

जैतुनबीचं तान्हं पोर दर्ग्यामागे पुरलंय. वर्षानुवर्षं ती तिन्हीसांजेला त्या कबरीपाशी बसून अंगाई म्हणते. परवा तिच्या गळ्याचं ऑपरेशन. पुढं आवाज राहील, न राहील. तिनं निरंजनपुढं हात जोडले होते, “एवढी अंगाई भरून ठेव रे. मी मुकी झाले तर तिथं लावीन.”

“शेवटची ओळ कुठाय?” फकिरांनी विचारलं.

“ती फार हळू म्हणते, बाबा. नुसती खरखर आली. पुढं तर काहीच नाही... मी आठ बिटांवर लावलं होतं.”

“म्हणजे?”

“आवाज केवढा, ते मोजायच्या पायऱ्या असतात. आठ बिटांत अडीचशेच्या आसपास. चोवीस बिटांत दीड कोटीच्या वर. पायरी जितकी बारीक, तितका बारीक आवाज हाती लागतो. पण कार्ड लवकर भरतं. म्हटलं, म्हातारीचं गुणगुणणं, त्याला कशाला चोवीस!”

“मग आता?”

“त्यात काय! हीच फाइल चोवीसमध्ये बदलून घेतो.”

ओसरीवर भंडाऱ्याची ज्वारी पडली होती. फकिरांनी पायलीचं माप पुढं सरकवलं.

“मोज.”

निरंजननं मोजली. “दोन पायल्या.”

“आणि खाली उरली ती?”

“त्यात पायली भरत नाही. ती कोण धरतं?”

फकिरांनी उरलेली ज्वारी ओंजळीत घेतली आणि अंगणात चिमण्यांना टाकली. मग कोळवं काढलं, मूठभर दाण्यांचं इवलं माप.

“आता हीच ज्वारी यानं मोज. बारीक मोज.”

निरंजननं दोन-चार कोळवी भरली... आणि थांबला.

“दोन पायल्याच होणार, बाबा.”

“का रे? माप तर बारीक आहे.”

“चिमण्यांनी खाल्लेलं यात कुठून...”

त्याची नजर मशीनकडं गेली. बोंडं मुठीत तशीच होती. फकिरांनी त्याच्या पाठीवरून हात फिरवला.

“जैतुनबी आहे अजून,” ते म्हणाले. “गळाही आहे.”

“आज परत जातो. चोवीसवर लावतो.” निरंजननं डोळे पुसले. “आणि तिला सांगतो, मावशी, या खेपेला जरा मोठ्यानं म्हणा.”

“ते नको सांगूस,” फकीर म्हणाले. “पोर उठेल.”