आवाज कुठे ठेवला आहे?

एकदा एक शिष्या आपल्या वृद्ध गुरूंच्या घरी आली आणि नमस्कार करायचेही विसरून समोरच्या खुर्चीत बसली. तिचे नाव शर्वरी बोंद्रे. मोबाइलसाठी अ‍ॅप तयार करणे हा तिचा व्यवसाय. ही विद्या तिला ज्यांनी शिकवली, ते केळुसकर सर आता निवृत्त होऊन नाशकात राहत होते.

सरांनी पाणी पुढे केले. तिने पेला नुसताच हातात धरला.

"तीन आठवडे झाले, सर. अ‍ॅप बोलत नाही."

हे अ‍ॅप सातपुड्यातल्या परिचारिकांसाठी होते. नुकतेच जन्मलेले मूल श्वास घेत नसेल तर पहिल्या मिनिटात काय करावे, हे ते एका अनुभवी सुईणीच्या आवाजात, पावरी बोलीत, क्रमाने सांगणार होते. तिकडे नेटवर्कचा भरवसा नाही. म्हणून सारे ध्वनिमुद्रण अ‍ॅपच्या पोटातच भरून दिले होते. शर्वरीच्या लॅपटॉपवर, चाचणीसाठी पडद्यावर उघडलेल्या नकली फोनमध्ये, आवाज खणखणीत येत असे. हाताशी वेळ थोडा होता. खऱ्या फोनवर तपासून न पाहताच तिने ते पाठवून दिले.

आणि तीन आठवड्यांपूर्वी एका आरोग्य उपकेंद्रात जमना पावरा नावाच्या परिचारिकेने ऐन वेळी बटण दाबले. फोन मुकाच राहिला. जमनाताईंनी आठवेल तसे केले, आणि मूल वाचले. नंतर गावाबाहेरच्या टेकडीवरून फोन करून त्या शर्वरीला एवढेच म्हणाल्या, "ताई, मी तीनदा दाबलं."

"तेव्हापासून काय काय केलं नाही मी?" शर्वरी म्हणाली. "ध्वनिमुद्रण पुन्हा केलं. फाइलींचा प्रकार बदलला. चार निरनिराळे फोन आणून पाहिले. फाइली आत आहेत, सर. मी अ‍ॅप उलगडून स्वतः पाहिल्या. तरी फोन म्हणतो, सापडत नाहीत. मला आता हे काम नको. दुसऱ्या कुणाचं तरी नाव सुचवा."

"लॅपटॉपवर चालतंय ना? दाखव."

तिने बटण दाबले. सुईणीचा संथ आवाज खोलीत पसरला. सरांनी तो थोडा वेळ ऐकला. मग लॅपटॉप आपल्याकडे ओढून, ज्या फोल्डरमध्ये तिने मूळ फाइली ठेवल्या होत्या, त्याच्या नावातले एक अक्षर त्यांनी पुसून टाकले. तेच अ‍ॅप पुन्हा उघडले आणि म्हणाले, "आता दाब."

काहीच ऐकू आले नाही.

शर्वरी ताडकन उठली. "सर! जिथे चालत होतं तिथेही बंद पाडलंत!"

"बस." सरांचा आवाज चढला नाही. "मी अ‍ॅपला हात लावलेला नाही. त्याच्या पोटातल्या फाइली जशाच्या तशा आहेत. मी फक्त तुझ्या लॅपटॉपवरच्या मूळ फोल्डरचं नाव बदललं. मग ते मुकं का झालं?"

तिने आपलाच प्रोग्रॅम उघडला. पहिल्या दिवशी घाईत लिहिलेली एक ओळ तिच्यासमोर आली. फाइलीचा पूर्ण पत्ता त्यात होता: तिच्या लॅपटॉपची डिस्क, तिचे स्वतःचे नाव, तिच्या कामाचा फोल्डर. ही ओळ तिने या तीन आठवड्यांत कितीतरी वेळा वाचली होती.

"ते स्वतःजवळचं उघडतच नव्हतं," ती हळूच म्हणाली.

"नव्हतं. तू सामान बरोबर दिलंस, पण शोधायला पाठवलंस ते तुझ्या घरी, म्हणजे या लॅपटॉपवर. इथे तुझं घर शेजारीच होतं, म्हणून चूक दिसली नाही. जमनाताईंच्या फोनला तुझं घर कुठून ठाऊक असणार? अ‍ॅप प्रत्येक फोनमध्ये निराळ्या जागी उतरतं. ती जागा आधी तुला कळत नाही, मलाही कळत नाही. म्हणून पत्ता लिहून द्यायचा नाही. अ‍ॅपलाच विचारायचं, तू आत्ता कुठे आहेस, आणि तिथून पुढे फाइलीपर्यंत जायचं. दुसऱ्यासाठी काही करताना आपण आपल्याच टेबलाशी बसून करतो, शर्वरी. तो माणूस कुठे उभा आहे ते विचारायचं राहून जातं. माझ्याकडूनही राहिलं होतं एकदा. तेव्हा निभावलं नाही."

शर्वरीने ती ओळ खोडली.

चूक दुरुस्त व्हायला दहा मिनिटे लागली. या वेळी तिने अ‍ॅप आधी सरांच्या जुन्या फोनवर चालवून पाहिले. आवाज आला. तिला आनंद मात्र झाला नाही. तीन आठवड्यांचा शीण एकदमच अंगावर आला.

चार दिवसांनी ती स्वतः उपकेंद्रावर गेली. जमनाताई लसीकरणाची फेरी संपवून नुकत्याच परतल्या होत्या. नेटवर्कचा पत्ता नव्हता. शर्वरीने नवे अ‍ॅप त्यांच्या फोनमध्ये घातले आणि फोन त्यांच्या हाती दिला. त्यांनी बटण दाबले. सुईण बोलू लागली.

जमनाताईंनी फोन कानाजवळ धरला. "त्या दिवशी लेकरू रडलं, तेव्हा मी खालीच बसले. उठताच येईना," त्या म्हणाल्या. मग विचारले, "इतके दिवस कुठे होता हा आवाज?"

"तुमच्याच फोनमध्ये होता, ताई. मीच फोनला तो माझ्या घरी शोधायला लावला होता."

जमनाताईंनी राग धरला की नाही, ते त्यांच्या चेहऱ्यावरून कळले नाही. "थांबा, पुढचं ऐकू द्या," एवढेच त्या म्हणाल्या.

शर्वरी त्यांच्या शेजारी पायरीवर टेकली आणि ते सारे शब्द पहिल्यांदाच लक्ष देऊन शेवटपर्यंत ऐकत राहिली.