टिंबीचा शेंगदाणा आणि ऑर्गनची नळी

एका चर्चमध्ये होता एक जुना, मोठ्ठा ऑर्गन. त्याला नळ्याच नळ्या! एक नळी ताडाएवढी उंच. एक नळी बोटाएवढी बारकी. खाली चामड्याचा भाता. भाता फुगला की नळ्यांत वारा जायचा. वारा गेला की ऑर्गन गायचा.

तिथेच राहायची टिंबी उंदरीण. सकाळपासून उपाशी होती. तिला एक शेंगदाणा मिळाला. तुरुतुरु निघाली नळ्यांवरून. पाय घसरला. टण्! शेंगदाणा पडला बारक्या नळीत.

“नळीताई, नळीताई, माझा शेंगदाणा दे!”

“भाता फुगेल, मग मी वाजेन. मग शेंगदाणा सुटेल.”

टिंबी गेली भात्याकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

“भातेबुवा, फुगा ना!
नळी वाजेना,
शेंगदाणा सुटेना!”

“कसा फुगू? मला भोक पडलंय. कुरतडलं कोणी? तूच ना गं?”

टिंबीनं मान खाली घातली. “चुकलं. चव बरी लागली.”

“जा, ऑर्गन दुरुस्त करणाऱ्या बावतीसकाकांना सांग. ते चामडं लावतील, तर मी फुगेन.”

टिंबी गेली काकांकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

“काका, चामडं लावा ना!
भाता फुगेना,
नळी वाजेना,
शेंगदाणा सुटेना!”

“कशानं चिकटवू शेपटाबाई? तुझ्या थुंकीनं? सरस पातळ होईल, तर लावीन.”

टिंबी गेली सरसाच्या वाटीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

“सरसदादा, पातळ हो ना!
काका चामडं लावीनात,
भाता फुगेना,
नळी वाजेना,
शेंगदाणा सुटेना!”

“मी गारठून दगड झालोय. तिकडे शिवत बसलेली कातरीनमावशी पाणी तापवेल, वाटी त्यात ठेवेल, तर पातळ होईन.”

टिंबी गेली मावशीकडे. तुरुतुरु, तुरुतुरु.

“मावशी, पाणी तापव ना!
सरस पातळ होईना,
काका चामडं लावीनात,
भाता फुगेना,
नळी वाजेना,
शेंगदाणा सुटेना!”

“माझी सुई गेलीय कपाटाखाली. सुई मिळेल, तर उठेन.”

टिंबी शिरली कपाटाखाली. सुर्रर्र!

“सुईबाई, चल ना!
मावशी पाणी तापवीना,
सरस पातळ होईना,
काका चामडं लावीनात,
भाता फुगेना,
नळी वाजेना,
शेंगदाणा सुटेना!”

“मला पायच नाहीत. तू ओढ, तर येते.”

टिंबीनं दातात धरली. ओढली. ओढली. ओढली!

सुई आली. मावशी उठली. पाणी तापलं, खदखद खदखद. सरस पातळ झाला, टपटप टपटप. काकांनी चामडं लावलं, थाप थाप.

“वाळलं का काका?”

“नाही गं.”

“आता?”

“नाही!”

“आता?”

“वाळलं!”

भाता फुगला, भुस्स! नळी वाजली, पीऽऽऽ! शेंगदाणा सुटला, टुप्प! पडला काकांच्या टकलावर, टक्!

“अरेच्चा! हा कोणाचा?”

“माझा! माझा! माझा!”

“घे बाई, घे!”

मग ताडाएवढी नळी गायली. बोटाएवढी नळी गायली. काका गायले. मावशी गायली. सगळे गायले, टिंबी सोडून.

तिच्या तोंडात शेंगदाणा होता ना!