चिमणीचा पाय

लहानथोरांनो, ही फार जुनी गोष्ट. इतकी जुनी, की त्या गावात कुणालाच लिहितावाचता येत नव्हतं. मग भांडी कशी ओळखायची? प्रत्येक घराची एक खूण असे. कुणी भांड्यावर विळा कोरून घेई, कुणी मासा. गावजेवणाला भांडी एकत्र झाली की ज्यानं त्यानं आपली खूण बघून उचलायची. बिनखुणेचं भांडं देवळाच्या कोठीत जायचं, असा गावचा नियम.

त्या गावात सगुणा नावाची बाई होती. भारी संशयी. दूध पातळ लागलं की गवळ्यावर संशय, मांजर आडवं गेलं की मांजराच्या मालकिणीवर. तिच्याकडे तांब्याचा एक हंडा होता. आईनं लग्नात दिलेला. आई पुढं लवकरच वारली आणि तिची म्हणावी अशी तेवढीच वस्तू राहिली. पण सगुणेनं हंडा कधी निरखून पाहिलाच नाही. न्हाणीच्या चुलीवर चढवला तो चढवला. धूर खाऊन तो काळा ठिक्कर पडला.

एकदा शेजारच्या येसूकाकूंनी नातवाच्या बारशाला तो हंडा मागून नेला. परत देताना घासूनपुसून लख्ख केला आणि मागून आणलेलं भांडं रिकामं देऊ नये म्हणून आत गुळाचा खडा ठेवला.

सगुणेला आधी गूळच खुपला. ‘अस्सं! माझं तोंड गोड करायची एवढी काय गरज पडली?’ तिनं हंडा उन्हात फिरवून फिरवून पाहिला. गळ्याखाली तीन ओरखडे!

“काकू, माझ्या आईचा हंडा खरवडून आणलात!”

“अगं सगुणे, ते ओरखडे नव्हेत, ते तर—”

“मला नका शिकवू!” म्हणत तिनं दार लावून घेतलं.

मग बसली घासायला. चिंच-मीठ लावलं. तांबं लालभडक झालं, रेघा तशाच. राख घेतली. तरी तशाच. ‘एवढ्या खोल? म्हणजे मुद्दामच ओढल्यात!’ घासावं तसा संशय वाढे आणि संशय वाढे तसा हात जोरात चाले. शेवटी तिनं विटकरीचा चुरा घेतला. बोटं सोलवटली, पण रेघा गेल्या. चुऱ्याचे बारीक चरे उठले होते, ते चाळलेल्या राखेनं घालवले. हंडा आरशासारखा झाला. येसूकाकूंशी बोलणं तिनं त्या दिवसापासून टाकलं.

पुढं गावजेवण आलं. सगुणेनं मोठ्या दिमाखात हंडा नेऊन ठेवला; लखलखाट मिरवायच्या नादात खुणेचं तिला भानच राहिलं नाही. पंगती उठल्यावर ती तो उचलायला गेली.

“खूण?” पाटलांनी विचारलं.

तिनं हंडा सगळीकडून फिरवला. खूण कुठंच नव्हती. “पाटील, माझाच आहे हो! आईनं दिलाय!”

“बिनखुणेचं भांडं देवाचं. कुणी साक्ष देईल का?”

कुणी पुढं येईना. सगळ्यांनी तिचा काळा हंडा पाहिलेला; हा लाल कोण ओळखणार? सगुणेला रडू फुटलं. तेवढ्यात येसूकाकू उठल्या.

“हंडा तिचाच. मी माझ्या हातानं घासलाय. बुडाशी पोचा आहे, बघा.”

पोचा होता. “मग खूण कुठं गेली?” पाटलांनी विचारलं.

“होती. गळ्याखाली, तीन रेघांची.” काकू सगुणेकडं वळल्या. “तुझी आई तुला चिमणी म्हणायची ना? लग्नाच्या दिवशी हा हंडा तिनंच मला दाखवला. म्हणाली, ‘माझ्या चिमणीचा पाय कोरून घेतलाय. पोर लहान आहे, तिच्याकडे लक्ष असू द्या.’ त्या दिवशी हेच तर सांगत होते गं.”

हंडा सगुणेला मिळाला. तिनं गळ्याखाली बोट फिरवलं, पुन्हा पुन्हा फिरवलं. सगळं गुळगुळीत. वाईट वाटतं तिचं, पण करणार काय? आईनं जिथं चिमणीचा पाय कोरला होता, तिथं आता तिला फक्त स्वतःचं तोंड दिसत होतं.

तेव्हा खूणगाठ बांधून ठेवा: संशयी डोळ्यांना मायेची खूणही ओरखडाच दिसते.