समोरची बारी

एकदा एका खाडीकाठच्या गावात एक वृद्ध भजनी बुवा राहत होते. डबलबारीत त्यांचा मोठा दबदबा. या डबलबारीत दोन बुवा आपापली पेटी आणि मंडळी घेऊन समोरासमोर बसतात. एकाने गाण्यातून टोमणा मारायचा आणि थांबायचे; दुसऱ्याने गाण्यातूनच त्याचे उत्तर द्यायचे. ऐकायला सारा गाव लोटतो.

बुवांचा एक तरुण शिष्य होता. बोलणे कमी, गळा गोड. गावात सरपंचपदाची निवडणूक लागली, तेव्हा उमेदवार तातू मेस्त्री एके सकाळी त्याच्या दारात आले.

"आताच्या सरपंच सुलभाताई धुरी माझ्याविरुद्ध पुन्हा उभ्या आहेत. त्यांचा मुलगा निशांत पुण्यात एका पुरुषाबरोबर संसार करतो, ठाऊक आहे ना तुला? त्याच्यावर एक झणझणीत गाणं कर. बाईंना प्रचाराला बाहेर पडणं मुश्कील झालं पाहिजे. गाणं गाजलं की जत्रेतली बारी तुझी!"

जत्रेतली बारी! तेच स्वप्न पाहत शिष्य लहानाचा मोठा झाला होता. त्याने गाणे रचले. यमके अशी नेमकी बसली की तो स्वतःवरच खूश झाला. मतदानाला निशांत जोडीदारासह पहिल्यांदाच घरी येणार, हे गावात सर्वांना माहीत होते. हे गाणे वाजले तर तो येणार नाही, कदाचित पुन्हा कधीच नाही, हेही शिष्याला कळत होते. पण त्या विचारापाशी तो थांबला नाही. गाणे ऐकवायला बुवांकडे गेला.

बुवांनी कडवी ऐकली. "चाल बरी आहे," एवढेच म्हणाले. मग उठून त्यांनी पडवीत समोर दुसरी सतरंजी अंथरली, स्वतःची पेटी तिच्यावर नेऊन ठेवली, शेजारी आव्हानाचा पानाचा विडा मांडला.

"आता पुन्हा गा."

शिष्य गायला. शेवटची ओळ संपताच बुवांनी हात वर केला. "आता समोरची बारी."

"पण बुवा, समोर कोणीच नाही."

"मग वाट बघ."

बुवा डोळे मिटून बसले. ही थट्टा असेल, आता संपेल, असे शिष्याला वाटले. संपली नाही. त्या पेटीकडे पाहता पाहता त्याला निशांत आठवला. शाळेत गुरुजींनी याला उभे केले की मागच्या बाकावरून हळूच उत्तर पुटपुटणारा निशांत. आज तो इथे असता तर काय गायला असता? शिष्याने त्याच्या वतीने ओळ जुळवून पाहिली. एक शब्द हाती लागेना.

"बुवा," तो शेवटी म्हणाला, "त्यानं काय उत्तर द्यावं, तेच सुचत नाही."

"सुचणार कसं? त्यानं चूक काय केली, ते तरी सांगशील?" बुवा म्हणाले. "बाळा, बारीत मला लोक ढेरपोट्या म्हणाले, मीही समोरच्याला कावळा म्हटलं. दुसऱ्या दिवशी एकत्र चहा प्यायलो. कारण त्याच्यापुढंही पेटी होती, आणि विडा त्यानं आपल्या हातानं उचलला होता. निशांत मत मागतोय का? कुणाला तरी जीव लावून सुखानं घर चालवतोय. त्याला मैदानात ओढून आईला पाडायचं, ही कसली बारी?"

"पण लोकांना ते विचित्र वाटतं, बुवा."

"वाटू दे. मलाही नवीनच आहे. मला विचित्र वाटतं, हा त्याचा अपराध कसा?"

शिष्याने गाण्याच्या कागदाचे तुकडे केले आणि तातूंकडे जाऊन नकार कळवला.

"जत्रा विसर मग!" तातू कडाडले.

"विसरलो," शिष्य म्हणाला. "पण सुलभाताईंनी बांधलेला ओढ्यावरचा साकव, तो छोटा पूल, दोनदा वाहून गेला. त्यावर गाऊ का?"

तातूंची प्रचारसभा त्याच संध्याकाळी होती, दुसरा गायक मिळणे शक्य नव्हते. तातूंनी नाइलाजाने मान डोलावली. साकवाच्या गाण्यावर गाव खदखदून हसला. दुसऱ्या दिवशी सुलभाताईंनी आपल्या सभेत उत्तर दिले, "साकव माझा पडला, कबूल! पण त्याची वाळू कोणी पुरवली, ते जरा तातूंना विचारा!"

"वा ताई! फिट्टंफाट!" मागून कोणी ओरडले. त्यानंतर गावभर साकवाचीच चर्चा. तिसरा साकव कसा बांधणार, हे दोन्ही उमेदवारांना वाडीवाडीत जाऊन सांगावे लागले.

मतदानाच्या दिवशी निशांत आला. तो रांगेत उभा राहिला. त्याचा जोडीदार शाळेच्या फाटकापाशी, उन्हात. दोनचार जण टक लावून पाहू लागले. कट्ट्यावर बसलेल्या बुवांनी बाजूला सरकून हाक मारली, "अहो पाहुणे, इकडे सावलीत या. एस्टीनं आलात?"

"हो. घाटात फार वळणं आहेत."

"सवय होईल," बुवा म्हणाले.

पाहुणा हसला आणि बसला. शिष्य उठून पाण्याचा तांब्या घेऊन आला.

मत मागायला जो दारात येतो, त्याला प्रश्न विचारावेत. जो घरी परततो, त्याला आधी पाणी विचारावे.