दोष कुणाबरोबर गेला?

मिरजेत कॉम्प्युटर दुरुस्त करणारे मगदूमकाका बोलले की गिऱ्हाइकानं मुकाट मान डोलवायची. तरन्नुमचा रखडणारा कॉम्प्युटर बघून ते गरजले, "प्रोसेसर म्हातारा झालाय! रविवारची गेमची स्पर्धा हरलीस म्हणून समज. नवा घे!"

"दोष त्याचाच कशावरून?"

"आमची रीत आहे. भागांची अदलाबदल करायची. दोष ज्याच्याबरोबर जाईल, तो भाग खराब."

तरन्नुमचे डोळे चमकले. "मग लावा गेममधली गाड्यांची शर्यत! तुम्ही तुमच्या नव्या कॉम्प्युटरवर, मी माझ्या म्हाताऱ्यावर."

दुकानात ही गर्दी उसळली! काकांची गाडी पहिल्याच वळणावर उलटली.

"आता खुर्च्या बदलू," तरन्नुम म्हणाली. बदलल्या. काका पुन्हा उलटले!

"काका, दोष तर तुमच्याबरोबर इकडं आला. आता कुठला भाग बदलू?"